अक्काचा तारा थंड होता

अक्का गेली. आता कुंभकोणमच्या तमाम थोरल्या दिरांनी निर्धास्त झोपावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझी मोठी बहीण ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मली. तमिळमध्ये केट्टै.

ज्येष्ठेची मुलगी सून होऊन आली की नवऱ्याच्या थोरल्या भावाला खाते. आमच्याकडे इंजिनीअर झालेले लोकही हे मानतात.

पुण्याचे मित्र म्हणतात, तुमची तंजावूरची मराठी किती जुनाट! अहो, आमच्याकडे त्यातल्या त्यात भाषाच बरी आहे.

आणि अक्का कॉलेजात काय शिकवायची? फिजिक्स. त्यातही तारे.

"नुसता चमकतो म्हणून ताऱ्याला मोठा म्हणू नका," ती पोरींना सांगायची. "जवळचा दिवाही चमकतो. रंग बघा, त्यावरून तापमान कळतं. निळा सगळ्यांत तापलेला, लाल सगळ्यांत थंड. मग त्याचा उजेड फोडा, स्पेक्ट्रममधल्या रेषा वाचा, आणि तेव्हा त्याचा वर्ग ठरवा."

ओ, बी, ए, एफ, जी, के, एम.

"मिस, ही एबीसीडी अशी विस्कटलेली का?"

"कारण आधी लावलेली रांग चुकली होती. चूक कळल्यावर ती मोडून तापमानाप्रमाणे पुन्हा लावली."

हे सांगताना तिचा चेहरा खुलायचा. चूक कळल्यावर रांग मोडणारी माणसं तिला घरी कुठे भेटली होती!

आडुतुरैहून तिला बघायला मंडळी आली. ओळखीतलं स्थळ, म्हणून पत्रिका नंतर बघू म्हणाले होते. मुलगा धाकटा. त्याचा थोरला भाऊ केसरी शिऱ्याची तिसरी बशी संपवत होता.

मुलाच्या आईने नक्षत्र विचारलं. अप्पांनी खरं सांगितलं.

"केट्टै? अय्यो! माझा थोरला आहे की हो!"

अक्का शांतपणे म्हणाली, "घाबरूं नका मामी. तो तारा लाल आहे, एम वर्गांतला. सूर्याहून थंड. आकारानें अवाढव्य, म्हणून दिसतो. इतक्या लांबून तुमच्या लेकास काय करील?"

"थंड असो, ऊन असो. मज माझा थोरला पाहिजे."

आठवड्याने निरोप आला. धाकटी चालेल.

माझं नक्षत्र रोहिणी. एकदम शुभ.

अप्पा हो म्हणाले. अक्काही म्हणाली, "कर गं. मुलगा वाईट नाहीं. नुसता उजेड कमी आहे."

होय, तोच माझा नवरा. तो हे वाचेल. वाचू दे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी थोरला दीर गेला. शुगर, सिगारेट, आणि डॉक्टरलाच अक्कल शिकवायची खोड.

रोहिणीला कोणी बोल लावला नाही.

सासूबाई म्हणाल्या, "मांडवांत तुझ्या पाठीशीं तीच उभी होती. तिची सावली आली ह्या घरांत."

माझ्या मुलीच्या बारशाला अक्काला बोलावणं गेलं नाही. ती तरीही चांदीचे वाळे घेऊन आली. सासूबाईंनी वाळे दारातच घेतले आणि दार लोटलं. मी आत भांडले, रडले. उपयोग शून्य.

दुसऱ्या दिवशी अक्काच फोनवर माझी समजूत घालत होती.

"आकाशांत असें नसतें गं. ताऱ्याचा वर्ग त्याच्या स्वतःच्या उजेडावरून ठरवितात. शेजारीं कोण मेलें, हें कोणी विचारीत नाहीं."

आज सकाळी कॉलेजला निघताना ती कोसळली. हार्ट. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वाद्यार, म्हणजे आमचे भटजी, पंचांग बघून म्हणाले, "धनिष्ठेवर गेली. दोष आहे. तिची खोली सहा महिने बंद ठेवा."

म्हणजे मरतानाही बाईने ताराच चुकीचा निवडला!

सासूबाईंचा फोन आला. "कुलूप लावून निघून ये. भितरें पाऊल टाकूं नको."

चुलतभावाने कुलूप आणलंसुद्धा. नवं कोरं. मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि परसातल्या विहिरीत टाकलं. तो अजून तोंडात बोट घालून उभा आहे.

अक्का, तुला कोणी घरात घेतलं नाही. आज तर तुला तुझ्याच खोलीतून हाकलायला निघाले होते.

मी तुझ्या पलंगावर बसून हे लिहितेय. दोन्ही खिडक्या उघड्या आहेत. तुझ्या पोरी यायला लागल्यात, खोलीत बसायला जागा उरली नाही.

सुखाने जा. दार उघडंच राहील.