डाव्या डोळ्याची शिकवणी

बाळांनो, मागच्या महिन्यात फोनवर तुमच्या बाबाने तुम्हाला हळूच सांगितलेलं मी ऐकलं. आजीकडे फोटो मागू नका, तिच्या डोळ्याला बरं नाही, तिला वाईट वाटेल, असं तो म्हणाला. आवाज खाली आणून बोलला, पण माझे कान अजून चांगले आहेत. तुम्ही दोघंही शहाण्यासारखी गप्प बसलात आणि मला नाशिकचं हवामान विचारलंत. ते मला आवडलं नाही. म्हणून हे आत्ताच लिहायला घेतलं आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भराभर वाचलं असतं, हे मला माहीत आहे. जन्मभर मी तीच भाषा शिकवली. पण तुमच्या आजोबांचं बोलणं इंग्रजीत उतरवलं की ते कोणी वेगळेच गृहस्थ वाटतात. तेव्हा मराठीतच वाचा. वाक्यं छोटी ठेवते.

मी देवळाली कॅम्पच्या शाळेत शिकवत होते तेव्हा माझ्याकडे रोलचा कॅमेरा होता. सुट्टी आली की तुमचे आजोबा आणि मी डबा घेऊन स्कूटरवर निघायचो. थंडीत नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला, श्रावणात घोटीच्या पुढे भातखाचरांतले बगळे बघायला. रोल धुऊन येईपर्यंत काय मिळालं ते कळायचं नाही. कधी सगळा रोल वाया जायचा, कधी एखादा बगळा असा यायचा की आठवडाभर मी तो पर्समध्ये घेऊन फिरायची. पुढे संसार वाढला, मग स्कूटर गेली, मग गुडघे बोलायला लागले. निसर्ग म्हणजे लांब जाऊन बघायची गोष्ट, अशी माझी ठाम समजूत होती. लांब जाणं बंद झालं तसा कॅमेराही बंद झाला.

माझ्या सत्तरीला तुमच्या बाबाने नवा कॅमेरा पाठवला. त्याची पुस्तिका मी वाचून काढली, जे लागेलसं वाटलं त्याखाली पेन्सिलीने रेघा मारल्या, सोसायटीतल्या हळदीकुंकवाचे फोटो काढले आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसकट तो कपाटात ठेवून दिला.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज मला वाकलेला दिसला. मधोमध, जणू रात्री कोणी आत यायचा प्रयत्न केला असावा. मी हात लावून पाहिला, तर गज सरळ. डावा डोळा झाकला, तर पुन्हा वाकलेला. उजवा झाकला, तर सरळ. तेव्हा मला कळलं की बिघाड खिडकीत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि स्पष्ट बोलतात. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील म्हणाल्या. ते ऐकून तुमच्या आजोबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मला प्रत्यक्षात फारसं दुखलं नाही. इंजेक्शनांनी पुढचं नुकसान थांबलं, पण गेलेलं परत आलं नाही. आता उजव्या डोळ्याने माणसाकडे बघितलं की चेहऱ्याच्या जागी ओलं बोट फिरवल्यासारखा डाग दिसतो. कान मात्र स्पष्ट दिसतात.

डॉक्टरीणबाईंनी चौकटी आखलेला एक कागद दिला. मधे एक टिंब. म्हणाल्या, "काकू, रोज सकाळी उजवा डोळा झाकून डाव्याने या टिंबाकडे बघायचं. एक जरी रेघ हलली किंवा वाकली, तर त्याच दिवशी या. उद्यावर ढकलू नका." तो कागद मी फ्रिजवर लावला.

तुमच्या बाबाचं म्हणणं असं की आता आम्ही दोघांनी घर बंद करून तुमच्याकडे यावं. कॅमेरा कोणाला तरी देऊन टाकावा, उगाच डोळ्याला ताण नको. मी म्हटलं, बघू. तुमचा बाबा इतक्या वर्षांत विसरला असेल, पण आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

त्याच संध्याकाळी मी कॅमेरा कपाटातून काढला. मला एक चांगला डोळा उरला होता आणि तो आहे तोवर त्याच्याकडून काम करून घ्यायचं होतं. अडचण अशी की आयुष्यभर मी उजव्याच डोळ्याने फोटो काढले होते. डावा कधी शाळेतच गेला नव्हता. नुसता उजवा डोळा मिटणंही जमेना. मी मिटायला गेले की दोन्ही मिटायचे, नाही तर गाल वर जाऊन तोंड वाकडं व्हायचं. मी आरशासमोर सराव करायला लागले. आजोबा दाढी करायला आले आणि दारातच थांबले.

"अगं, या वयात डोळा मारतेस? कोणाला?"

"तुम्हाला नाही," मी म्हटलं.

लांब जायचा प्रश्नच नव्हता. आमच्या सोसायटीमागे एक ओढा आहे, तो पुढे नासर्डी नदीला मिळतो. पावसाळा सोडला तर लोक त्याला नालाच म्हणतात. काठाला पाणकणसं वाढली आहेत, घाणेरीची झुडपं आहेत, आणि जिथे घंटागाडी वळते तिथे थोडा कचराही असतो. इतकी वर्षं मी गॅलरीचं त्या बाजूचं दार बंद ठेवत आले. आता रोज सकाळी आजोबा घडीचं स्टूल घ्यायचे, मी कॅमेरा घ्यायची आणि आम्ही तिथे जाऊन बसायचो.

माझं लक्ष एका लाल चतुराने वेधलं. तुम्ही त्याला ड्रॅगनफ्लाय म्हणता. पाणकणसाच्या एका वाळक्या काडीच्या टोकावर तो बसायचा, एखादं चिलट पकडायला उडायचा आणि परत त्याच टोकावर येऊन बसायचा. नव्याने शिकणाऱ्या डोळ्याला यापेक्षा चांगला विद्यार्थी मिळाला नसता, किंवा मास्तर म्हणा. बगळा एकदा उडाला की गेला. हा मात्र पुन्हा पुन्हा संधी देत होता.

शेळ्या घेऊन येणाऱ्या एका बाई आमच्याकडे रोज बघायच्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "आजी, लय वास येतो इथं. तिकडं बागेत जा ना, फुलं हायेत तिथं." आजोबा म्हणाले, हिचं इथेच कोणाशी तरी जमलंय, रोज त्याच वेळी येतो, लाल कपड्यांत. बाई पदर तोंडाला लावून हसत पुढे गेल्या.

फोटो मात्र वाईट येत होते. चतुर प्रत्येक फोटोत पुसट. मी म्हटलं, डावा डोळा नवशिका आहे, वेळ लागणारच. स्टूल पुढे घेतलं, श्वास रोखला, पुन्हा काढले. पुन्हा पुसट.

आणि मग एका सकाळी मला ते दिसलं. कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघताना आत एक छोटा चौकोन दिसतो. तो ज्यावर असेल ते स्पष्ट येतं. मी तो मधोमध, चतुरावर ठेवला होता. मी बघत असतानाच तो चौकोन हलला आणि वरच्या उजव्या कोपऱ्याकडे सरकत गेला. माझा हात त्याच्या बटणाजवळही नव्हता.

रेघ हलली तर त्याच दिवशी या.

मी कॅमेरा खाली घेतला आणि घरी चला म्हटलं. आजोबांनी काय झालं विचारलं, तर मी डास चावतात म्हणाले. घरी येऊन फ्रिजसमोर उभी राहिले. कागदावरच्या रेघा सरळ होत्या. पुन्हा बघितलं, तरी सरळ. पण एवढ्यावर विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती. मी आजोबांना खरं सांगितलं. त्यांनी लगेच चपला घातल्या आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डोळ्यात थेंब घालून बाकावर बसवलं. सगळं धुरकट दिसायला लागलं आणि त्या धुरकटात मी सगळा विचार करून टाकला. हा डोळा गेला तर वाचन गेलं, फोटो गेले, आणि मग 'बघू' म्हणायची सोय उरणार नाही. तुमच्याकडे यायला मला आवडतं, पण तुमची आजी म्हणून यायला आवडतं. जिना उतरताना जिला हाताला धरून आणावं लागतं, जिच्यासमोर फोटोचा विषय काढायचा नाही असं ठरलेलं असतं, तशी आजी होऊन कायमचं यायचं नव्हतं मला. आजोबा शेजारी कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. घाईत ती त्यांच्या खांद्यावरच राहिली होती.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग म्हणाल्या, "काकू, डावा डोळा स्वच्छ आहे. मागच्या वेळी होता तसाच."

"मग चौकोन का हलला?"

घरात, रस्त्यावर, पुस्तकात कुठे काही हलताना दिसतं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, फक्त कॅमेऱ्यात.

"मग कॅमेऱ्याची तपासणी करा," त्या म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर आजोबा म्हणाले, "चला, कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय." मी हसले आणि मग थोडी रडलेही. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला बघू दिलं.

तुमच्या बाबाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, आई, या वयात हात हलतो, चौकोन नाही, सोड आता. इथे मला राग आला. शाळेत मी एक गोष्ट शिकले होते. सगळ्या वर्गाने एकच चूक केली की ती मुलांची नसते, शिकवण्यातच काहीतरी चुकलेलं असतं. मी सगळे फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी मांडले. हात हलला असता तर सगळाच फोटो पुसट आला असता. इथे चतुर पुसट होता, पण वर उजव्या कोपऱ्यातलं पातं असं स्पष्ट की त्यावरची मावा कीडही दिसत होती. आणि ते एका नाही, जवळजवळ प्रत्येक फोटोत.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत तिरक्या बांधलेल्या दोरीवर कपड्यांचे चिमटे ओळीने लावले, एक जवळ, पुढचा त्याहून लांब असे. कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर ठेवला आणि आपोआप फोटो निघेल असं बटण लावून लांब झाले. मधला चिमटा स्पष्ट. मग तसाच फोटो डावा डोळा लावून काढला. मधला पुसट, कडेचा स्पष्ट. म्हणजे माझा चेहरा आला की चूक येत होती. चेहऱ्यातलं काय, ते कळेना.

संध्याकाळी आजोबा नेहमीप्रमाणे चष्म्याच्या फडक्याने कॅमेरा पुसायला बसले. मी फोटो काढायचे आणि त्यांनी पुसायचा, अशी आमची वाटणी स्कूटरच्या काळापासूनची.

"रोज या कॅमेऱ्याला पावडर कशाला लावतेस?" ते कुरकुरले.

मी म्हटलं, कसली पावडर? त्यांनी मागचा स्क्रीन दिव्यासमोर तिरका धरला. मधून निघून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे गेलेला एक पांढुरका फराटा होता.

मी कॅमेरा घेऊन आरशासमोर गेले. या कॅमेऱ्याची बघायची खिडकी डाव्या टोकाला आहे. उजवा डोळा लावला तर नाक कॅमेऱ्याच्या बाहेर राहतं. आयुष्यभर ते बाहेरच राहिलं होतं. डावा डोळा लावला आणि माझं नाक सरळ स्क्रीनवर जाऊन टेकलं. तो स्क्रीन बोटाने चालतो. बोट कोणतं आणि नाक कोणतं, हे त्याला कुठून कळणार? मी चतुराकडे नीट बघायला मान जराशी वळवायची, नाक स्क्रीनवर घासत जायचं आणि चौकोन त्याच्यामागून जायचा.

आजोबा पलंगावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "जन्मभर सगळ्यांच्या कामात नाक खुपसलंस, आता कॅमेऱ्यालाही सोडलं नाहीस."

मी पुस्तिका काढली. स्क्रीनचा स्पर्श बंद कसा करायचा ते त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याखाली माझी रेघ नव्हती. मी तो स्पर्श बंद केला, आणि एवढ्यावर न थांबता स्क्रीन उलटा फिरवून त्याची पाठ बाहेर करून टाकली. आता फोटो काढला की लगेच बघता येत नाही. घरी येईपर्यंत काय मिळालं ते कळत नाही, रोलच्या दिवसांत कळायचं नाही तसंच. इतक्या वर्षांत मला नक्की कशाची आठवण येत होती, ते दुसऱ्या सकाळी ओढ्यावर बसल्यावर समजलं. नांदूरमधमेश्वरपेक्षा मला ही वाट बघण्याची आठवण जास्त येत होती.

चतुर त्याच काडीवर होता. मी उजवा डोळा मिटला, आता तो मिटतो. एक फोटो काढला, तो उडाला, परत आला, आणखी काढले. आजोबांनी घाई केली नाही. घरी येऊन कॉम्प्युटर लावला. चतुराच्या पंखांवर बारीक जाळी असते, फ्रिजवरच्या कागदासारखीच, फक्त देवाने हाताने आखलेली. तिची एकेक रेघ दिसत होती.

तुमच्या बाबाला तो फोटो पाठवला. त्याने विचारलं, कुठल्या अभयारण्यातला? मी लिहिलं, घंटागाडी वळते तिथला. त्यानंतर घर बंद करण्याचा विषय त्याने काढलेला नाही. काढला तर मी पुन्हा बघू म्हणेन.

फोटोची मोठी प्रत काढून मी ती चौकटींच्या कागदाशेजारी फ्रिजवर लावली आहे. रोज सकाळी उजवा डोळा झाकून आधी टिंब बघते, मग पंख बघते, आणि मग चहा ठेवते. हे किती दिवस असंच राहील ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही.

तेव्हा फोटो मागत जा. वाईट आले तरी पाठवीन. उजव्या डोळ्याने कडेकडेचं अजून दिसतं. डावा डोळा पूर्ण आहे. ओढ्यावर पाणकणसं उभी आहेत आणि त्या काडीवर अजून चतुर येऊन बसतो.