साखरपुड्यातली बाटली

सूक्ष्मजंतूंवर माझ्या थोरल्या साडूंइतकी माया करणारा माणूस उभ्या महाड तालुक्यात नव्हता. कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत. घरी दही लागलं नाही तर मेहुणीला वाटे आपलं चुकलं. साडू मात्र जंतूंची बाजू घेत, त्यांना गारठा लागला असेल म्हणत. ऐंशी सालानंतर केव्हातरी त्यांच्या वाचनात आलं की साखर संपून व्हिनेगरसारख्या आंबटावर जगायची वेळ आली, की काही जंतू आपल्याच एका प्रथिनाला फॉस्फेटचा कण चिकटवून त्याचं काम थांबवतात. तो कण दिसणं अशक्य. पण खाणं बदलताना वाढ थबकते, ती तरी पाहायचीच, असा त्यांनी ध्यास घेतला. जंतू वाढले की पाणी गढूळतं, म्हणून बाटलीमागे छापील कागद धरून ते अक्षरं किती पुसट झाली ते बघत. जंतूंना ऊब हवी आणि वीज बेभरवशाची, तेव्हा बाटली कोटाच्या आत, पोटाशी.

ती बाटली लावली नेमका त्याच दिवशी पोलादपूरला, नवऱ्या मुलाच्या घरी, त्यांच्या मुलीचा साखरपुडा. एसटीत त्यांनी कोटावरून शाल लपेटली होती. शेजारच्या बाईनं बाळ केवढं आहे विचारलं, तर “आज सकाळचंच,” म्हणाले. ती जागा बदलून बसली.

मांडवात त्यांनी बाटली काढून मागे निमंत्रणपत्रिका धरली. कोटातून निघालेलं पांढरट पाणी बघून नवऱ्या मुलाच्या वडिलांना ती ताडीच वाटली. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की व्याही पिणारे असतील तर विचार करावा लागेल. ओटीचं ताट तसंच राहिलं. भाचीचा चेहरा उतरला.

तो पाहून साडू पुढे आले आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागले. “यातल्या जंतूंची साखर संपलीय, म्हणून वाढ थांबलीय. आंबटावर जगायचं तर सगळंच जाळून चालत नाही, अंग वाढवायलाही काही उरावं लागतं. म्हणून जाळणाऱ्या एका प्रथिनाला त्यांनी गप्प बसवलंय. मोडलेलं नाही. साखर आली की त्याला चिकटवलेला कण काढतील, ते पुन्हा कामाला लागेल.”

मुलाची आजी बाटलीजवळ येऊन वाकली. “थांबलेत, पन मेले नाय ना?”

“नाही आजी. नवं खाणं अंगवळणी पडतंय.”

“मग आपन पन थांबू,” आजी म्हणाली आणि सगळ्यांना चहा द्यायला लावला.

तासाभरानं पत्रिकेवरची अक्षरं आणखी धूसर झाली. साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाच्या वडिलांनी स्वतः बाटलीतून बघून घेतलं, हसले, आणि ओटी भरली गेली.

परतीच्या गाडीत साडूंनी कंडक्टरला पोलादपूरच्या गाड्यांच्या वेळा विचारल्या. दिवसभर गाड्या हायत, तो म्हणाला. तरी रविवारी त्यात काही फरक पडतो का, हे महाड येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले.