वधूपक्षाच्या खोलीतला मुक्काम

नगरला मुक्काम करायचं ठरलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, एकच वाक्य बोलले, "लॉजवर पोरीला न्हेत नसत्यात." विषय संपला.

बारावीनंतर मला नगरच्या एका कॉलेजात जागा मिळत होती. अर्ज मोबाईलवरून भरला होता, पण शेवटच्या दिवशी दुपारी बाराच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं. नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. आमचं गाव काष्टीच्या पलीकडे. सकाळची एसटी वेळेवर येईल यावर आबांचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून आदल्या दिवशीच निघालो. आमच्या घरात याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्यामुळे कागदांचा धाक सगळ्यांनाच. आईने शाळेचा दाखला, गुणपत्रिका सगळं घडी पडू नये म्हणून साडीच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं. काष्टीच्या दुकानातला लाल खोका, सोनेरी अक्षरांचा. वर शुभशकुन म्हणून तिने हळदीकुंकवाची बोटंही लावली.

आबांच्या डोक्यातलं नगर म्हणजे मंगल कार्यालयांचं नगर. लग्नाशिवाय ते शहरात कधी आलेच नाहीत. रस्ता सांगतानाही ते 'जिथं जिलेबी कमी पडली हुती, त्याच्या पुढं' असं सांगतात. स्टँडपासून पाच मिनिटांवरच्या एका कार्यालयात ते मला घेऊन गेले. "हितं आपल्याला कुणी हाकलत न्हाई," म्हणाले.

मॅनेजरने डोकं खाजवलं. "खोली देतो. पण सकाळी सातला वऱ्हाड येणार. त्याआधी रिकामी करायची."

खोलीच्या दारावर पितळी अक्षरांत 'वधूपक्ष' लिहिलं होतं. आत अकरा गाद्या, भिंतभर आरसा आणि त्याला भोवताली बल्ब. कॉलेज तिथून चालत दहा मिनिटं. इतक्या मोक्याच्या जागी इतकी मोठी खोली शहरात कुणालाच मिळाली नसेल. आबांनी तीन गाद्या एकावर एक रचल्या आणि वर चढून बसले.

"शेजारची वरपक्षाची बी रिकामीच हाय," ते म्हणाले. "तिकडं झोपू का? भांडान झालं तर दोन पार्ट्या तरी हुतील."

सकाळी साडेसहाला आबा चहा आणायला खाली गेले. मी आरशासमोर वेणी घालत होते, तेवढ्यात दार उघडलं आणि दहा-बारा बायका, नवरी, पिशव्या, खोके असं सगळं एकदम आत आलं. वऱ्हाड वेळेआधी आलं होतं. आमच्याकडे असं होत नाही, म्हणून आम्ही गाफील होतो.

"मी, म्हणजे आम्ही..." मी सुरुवात केली.

"आगं, हुबी काय ऱ्हायलीस?" नवरीची काकू म्हणाली. "धर की पदर. पिना कुठं ठेवल्या?"

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना दोष. मी पदर धरला. मग निऱ्या धरल्या. मग गजरा. निघायला अजून वेळ आहे, असं मी स्वतःला समजावत होते. नवरीने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तू कुणाकडची गं?"

"कुणाकडचीच नाही," मी पुटपुटले. "ॲडमिशनला आलेय."

ती इतकी हसली की काजळ पुन्हा लावावं लागलं.

साडेनऊला कशीबशी सुटले आणि पाहते तर खिडकीत ठेवलेला माझा खोका नाही. गाद्यांच्या मागे एक लाल खोका घसरलेला दिसला. हायसं वाटलं. उघडला, तर आत जांभळी सिल्कची साडी.

तेव्हा उलगडलं. नवरीकडचे लोकही आमच्याच श्रीगोंद्याच्या बाजूचे, बस्ताही काष्टीच्या त्याच दुकानात बांधलेला. काकूने मानाच्या साड्यांचे सात खोके मोजून खाली नेले होते, आणि हळदीकुंकू लावलेला माझा खोका त्यात अगदी शोभून गेला होता.

मी साडी घेऊन खाली धावले. मांडवात मानपान चालू होता. नवऱ्याच्या आत्याबाई खुर्चीत बसल्या होत्या, आणि त्यांच्या ओटीत नारळ, ब्लाऊजपीस आणि माझी बारावी. मानाचा खोका मांडवात कुणी उघडून बघत नाही, ते बरं दिसत नाही. त्या थेट घरी जाऊन उघडणार होत्या. नवऱ्याकडचं वऱ्हाड श्रीरामपूरचं होतं.

मी काकूला खांबाआड ओढून सांगितलं. ती कुजबुजली, "मानाची साडी परत कशी मागू? आत्याबाई रुसल्या तर लगीन मोडंल, बाई!"

तेवढ्यात मला आबा दिसले. डोक्याला गुलाबी फेटा, हातात गार झालेले दोन चहा. फेटेवाल्याने त्यांना नवरीच्या मामाकडचे समजून धरून बसवलं होतं, आणि फेट्याला नको म्हणणं म्हणजे अपमान, म्हणून ते नवरदेवाच्या चुलत्याशी कांद्याच्या भावावर बोलत बसले होते. मी कानात सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही चहा माझ्या हातात दिले, जांभळ्या साडीचा खोका घेतला आणि फेटा सावरत सरळ आत्याबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"आत्याबाई, आमची जरा चूक झाली," ते मोठ्याने म्हणाले. "तुमाला भलताच खोका गेला. तुमच्या मानाची साडी ही. भारीतली."

आत्याबाईंनी ओटीतला खोका उचलून हातावर तोलला. मग नवा तोलला.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या, "ह्यो पयला मला हलकाच लागत हुता."

माझं बारा वर्षांचं शिक्षण हलकं लागत होतं. पण त्या क्षणी मला अजिबात राग आला नाही.

आमचा खोका घेऊन बाहेर पडताना मी म्हटलं, "आबा, तुम्ही मामा असल्यासारखं खोटं बोललात."

"खोटं काय बोललो? चूक झालती, ती सांगितली. मामा हाय असं कवा म्हणलो?"

कॉलेजात रांग लांब होती, साडेअकराला खिडकीपाशी पोचलो. कारकुनांनी खोक्याचं झाकण काढलं, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं, मग फेटा पाहिला.

"लग्नाला आलात वाटतं?"

"न्हाई," आबा म्हणाले, "लग्नात ऱ्हायला हुतो."

कारकुनांनी गुणपत्रिका झटकली, तेव्हा तिच्यातून चार अक्षता टेबलावर पडल्या. त्या फुंकून त्यांनी शिक्का मारला.

फेटा परत करायला कार्यालयात गेलो, तर काकूने जेवल्याशिवाय सोडलं नाही. फोटोसाठी रांग लागली होती. स्टेजवरून नवरीने मला पाहिलं आणि भर मांडवात ओरडली, "ए, झाली का ॲडमिशन?"

मी मान हलवली. रांगेतल्या आत्याबाई वळल्या आणि मला नखशिखांत न्याहाळून काकूला म्हणाल्या, "तुमच्याकडची पोरगी शिकती व्हय? बरंय."

काकू म्हणाली, "शिकती की. आमचीच हाय ती."

आबांनी जिलेबी वाढून घेतली. या वेळी ती कमी पडली नाही.