मृदंगाची कणीक

मृदंगाच्या डाव्या तोंडाला दरवेळी ओली कणीक थापावी लागते, नाहीतर तो घुमत नाही. मूठभर कणीक. वाजवून झालं की खरवडून गाईला घालायची. एवढ्याशा कणकेवरून माझ्या बापानं घर डोक्यावर घेतलं होतं. ते आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

मी बोलताना अडखळायचो. अठरा वर्षांचा घोडा झालो तरी स्वतःचं नाव एका दमात सांगता येत नव्हतं. देवळातल्या बुवांकडे मृदंग शिकायला गेलो तो याच हिशेबानं, की तो हातानं वाजतो, तोंड उघडावं लागणार नाही. बुवांनी मृदंगाला शिवूच दिलं नाही. "तोंडानं म्हन आधी, मंग हात लाव."

मांडीवर ताल धरून बोल म्हणायचे. धा दिं ता, किट तक. पहिले काही दिवस देवळात बसलेले सगळे पोट धरून हसले. दोन महिन्यांनी बोल सलग यायला लागले आणि मांडीवर बोटं चालू ठेवली तर साधी वाक्यंही. मला रडू आलं. मग बुवांनी सरावासाठी एक जुना मृदंग घरी दिला.

सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकून पडला होता आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शिवारभर कापूसच, त्यामुळे गहू महाग. बापानं बैलांच्या गळ्यात चांदीच्या घुंगरमाळा घातल्या, पण माझ्या हातात कणकेचा गोळा पाहिला आणि भडकला.

"मानसाले खायाले गहू नाही, अन् तू कातड्याले चारून राहिला? वाजवनारे आता आपन पैसे देऊन आनू."

याला पुन्हा कणीक द्यायची नाही, असं त्यानं मायला बजावलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं आपल्या वाट्याची पोळी लाटलीच नाही. तो गोळा मला दिला आणि स्वतः शिळी भाकर खाल्ली. वर्षभर.

पुढच्या हंगामात अमरावतीच्या बाजारात नेमका बापाचा घसा बसला आणि अडत्या म्हणाला, कापूस ओला आहे, भाव कमी करा. बाप नुसते हातवारे करत राहिला. मी मांडीवर बोटांनी ताल धरला आणि बोललो. कापूस कधी वेचला, कुठे वाळवला, गाडीत कसा भरला, सगळं न अडखळता. अडत्यानं गाडीत कोपरापर्यंत हात घालून पाहिलं आणि पूर्ण भाव दिला.

घसा सुटताच बापानं ओसरीवर चार माणसं जमवली. "पैसा आला अन् पोराची जीभ सुटली. कापसानं देल्ली त्याले वाचा." लोकांनी माना डोलावल्या. माय दाराशी पाण्याचे गडवे घेऊन उभी होती. तिनं ऐकलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

बापावरचा राग मी जन्मभर मिरवला. पण ही वाचा कोणाच्या पोळीवर आली, ते सांगायला त्या दिवशी एक वाक्य पुरलं असतं, आणि ते माझ्या तोंडात तयार होतं. मी अडखळलो नाही. मी गप्प बसलो.