ताईनं रुळवलेले बूट

आमच्या आइस-स्केटिंगच्या रिंकवर तिला सगळे ताई म्हणतात. मीही म्हणतो, वयानं तिच्या बापाएवढा असून. धाकटी तिला ताई म्हणायची म्हणून ते नाव पडलं. धाकटीचं ऐकायची सवय इथे सगळ्यांना पहिल्यापासूनच आहे.

मी स्केट्सच्या पात्यांना धार लावतो. माझी खोली काउंटरच्या मागे, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. काउंटरवर ताई असते. भाड्याचे बूट देते, परत आले की आत वास घालवायचा फवारा मारून फळीवर लावते. धाकटीबद्दल पेपरात पुष्कळ छापून येतं. दहाव्या वर्षी पहिलं पदक, चौदाव्या वर्षी पहिली परदेशातली स्पर्धा, आता एकोणिसाव्या वर्षी जगातल्या पहिल्या दहांत. ताईबद्दल कुणी ओळभरही लिहिणार नाही, म्हणून हे सांगायचं.

दोघी एकदमच शिकायला आल्या. ताई तेराची, धाकटी आठची. चार वर्षांत धाकटीचे पाय वाढून ताईच्या मापाचे झाले, आणि तिथेच ताईचं नशीब फिरलं. नवा स्केटचा बूट म्हणजे लाकडाची फळी. दीड महिना तो चावतो, फोड आणतो, तोवर धड उडी मारता येत नाही. त्या वर्षी धाकटीचे नवे बूट उशिरा आले आणि स्पर्धा तोंडावर. त्यांच्या आईनं बाकावर शेजारी शेजारी ठेवलेले चार पाय पाहिले आणि म्हणाली, "थोरली घालेल की महिनाभर. मऊ झाले की धाकटीला."

"बूट ज्याचा त्यानंच रुळवायचा असतो," कोच म्हणाले.

"सख्ख्या बहिणी आहेत हो. त्यांच्यात कसलं आलंय ज्याचं त्याचं?"

धाकटीनं पदक आणलं. कोच पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

मग तो पायंडाच पडला. दर आठ महिन्यांनी नवं खोकं यायचं. काउंटर बंद झालं की ताई तासभर बर्फावर फिरायची आणि माझ्या खोलीत येऊन मोजे सोलून काढायची, कधी कधी कातडीसकट. रडायची नाही. "आज टाच वाचली बघा, काका," असं काहीतरी म्हणून हसायची. बूट छान रुळला, पाय घालताच आत बसायला लागला, की ती तो पुसून माझ्यासमोर ठेवायची: धार लावा, धाकटीचा आहे. मग स्वतःचे ते जुने, घोट्यापाशी लोळागोळा झालेले बूट चढवायची. म्हणजे ही पोरगी वर्षानुवर्षं एक तर चावऱ्या बुटात फिरली, नाही तर मेलेल्या बुटात. चांगला झालेला बूट तिच्या पायात कधी दुसरा दिवस राहिला नाही.

आणि ती काही कच्ची नव्हती. धाकटीसारखी उंच उडी तिला येत नसे, पण एका पायावर उलटी वळणं घेत जायला लागली की मी धारेचं चाक थांबवून बघत बसायचो. तिला लहान मुलांना शिकवायचं होतं. एवढंच. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षक आमच्याकडे दोन वर्षांतून एकदा येतात. या खेपेला ते मंगळवारी येणार होते. धाकटी जागतिक स्पर्धेसाठी सोमवारी निघणार होती. नवा जोड नेमका तेव्हाच रुळला होता.

ताईनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं. माझ्यासमोर मागितलं. "हा जोड मंगळवारपर्यंत राहू दे ना माझ्याकडे. तुझी स्पर्धा शनिवारी आहे. बाबा बुधवारी निघतायत, त्यांच्याबरोबर पाठवते."

"ताई, वेड लागलंय का तुला? माझी वर्ल्डची स्पर्धा आहे," धाकटी फोनमधून मान वर न काढता म्हणाली. "तुझी परीक्षा काय, पुन्हा देता येईल."

बाप शेजारीच उभा होता. त्यानं बूट उचलून बॅगेत घातले आणि चेन लावली.

मी जुन्या बुटांना जमेल तेवढी धार लावून दिली, पण धारेनं घोट्याला आधार मिळत नाही. तिसऱ्या वळणावर तिचा पाय मुडपला आणि ती आपटली. परीक्षकांनी कागदावर लिहिलं, घोट्यात बळ नाही. बळ बुटात नव्हतं, हे त्यांना सांगायला मी गेलो नाही. जायला हवं होतं.

शनिवारी धाकटी दुसरी आली. रिंकवरच्या टीव्हीसमोर सगळे जमलो होतो. मुलाखत घेणारीनं विचारलं, या खेळात पायांची चाळण होते, तुमचे पाय कसे आहेत? धाकटीनं मोजा काढून पाय दाखवला. गुळगुळीत, एक डाग नाही. "माझे पाय नशीबवान आहेत," ती हसून म्हणाली, "मला बूट कधी चावलाच नाही." इथे लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई काउंटरवर भाड्याच्या एका बुटात फवारा मारत होती. तो बूट ठिबकायला लागला तरी ती मारतच राहिली.

सहा-सात महिन्यांनी पुन्हा नवं खोकं आलं. ताई माझ्या स्टुलावर बसली, लेस पूर्ण सैल केली, पण पाय आत जाईना. इतक्या वर्षांत अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलं होतं. तिनं आईला फोन लावला. "आई, बूट लहान आलाय."

"लहान कसा येईल? तिच्याच पायाचं माप दिलंय," आई म्हणाली आणि कामात आहे म्हणून फोन ठेवला.

मला आतून आनंद झाला. सुटली म्हटलं. "ठेव ते खोकं बाजूला," मी म्हणालो, "सांग सरळ, पाय जात नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग त्या घरात मी कोण, काका?"

तिनं पाठ भिंतीला टेकवली आणि पाय पुढे केला. "जरा खालून दाबा."

सात वर्षं मी तिच्या आईला, बापाला, त्या धाकटीला मनातल्या मनात शिव्या घालत आलोय. मी गुडघ्यावर बसलो, बूट दोन्ही हातांत धरला आणि तिचा पाय आत जाईपर्यंत दाबत राहिलो.