आधी गावदेव, मग डहाणू

समोरच्याने "जमणार नाही" म्हटलं की माझ्या तोंडून "जमणार" निघून जातं आणि मग निस्तरायला मीच. डहाणूच्या खाद्यमहोत्सवाच्या बैठकीत तेच झालं. महोत्सव फुकट, सगळ्यांना खुला. इथल्या मातीतलं, हंगामातलं खाणं लोकांना खाऊ घालायचं, असा बेत. समितीचे अध्यक्ष चिकूच्या वाडीचे मालक, माणूस भला पण भारी घाईचा. रानभाज्यांचा स्टॉलही केटररलाच देऊ म्हणाले. पाड्यावरच्या बायकांचा काय भरवसा, ऐनवेळी यायच्या नाहीत. झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. कैनाड गावच्या बायका मी आणते, लिहून घ्या, असं भर बैठकीत सांगून बसले. अध्यक्षांनीही ऐकवलं की स्टॉल तुमचा, पण भाजी दिसली नाही तर पुढच्या वर्षी पाड्याचं नाव काढायचं नाही.

कैनाडच्या एका पाड्यावरच्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवतेय. तिथे पोषण आहार शिजवणारी मावशी माझी सगळ्यात जवळची. एप्रिलमध्येच तिला विचारलं होतं, जुलैत भाज्या आणाल का? आणू की, म्हणाली. आणखी सात जणी तयार झाल्या. एकीने तर ठेवणीतलं लुगडं धुऊन ठेवलं. एरवी या बायका डहाणूच्या बाजारात टोपली घेऊन कोपरा शोधत बसतात आणि कोणीही येऊन त्यांना उठवतं. यंदा त्यांच्या नावाचा स्टॉल असणार होता. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

महोत्सवाला तीन दिवस उरले तेव्हा मी सहज विचारलं, किती टोपल्या होतील? मावशी माझ्याकडे बघतच राहिली. एकही नाही, म्हणाली. कवळीचा दिवस झालेला नाही.

कवळी म्हणजे लांब पातीची कोवळी रानभाजी. ती आधी गावदेवाला दाखवायची, मग पाड्याने खायची आणि त्यानंतरच बाकीच्या पालेभाज्यांना हात लावायचा. तोवर खुडायचंही नाही. यंदा पाऊस उशिरा आला, म्हणून भगताने दिवस पुढे ढकलला होता. एप्रिलमध्ये हे कोणी बोललं नाही, कारण हे काय सांगायचं असतं? आणि मी विचारलं नाही, कारण अकरा वर्षं मी माझा डबा खाऊन साडेपाचची बस पकडत आले.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी मावशीला नको ते बोलले. तुमच्यासाठी भांडले, तुम्ही मला तोंडघशी पाडलंत, वगैरे. वर अक्कलही पाजळली की बाजारातून टाकळ्याची भाजी विकत आणते, तुम्ही फक्त शिजवा, कोणाला कळतंय?

"तुम्ही शिजवा, बाई," ती शांतपणे म्हणाली. "आमचा हात नाय लागायचा."

मग तुम्ही येणारच नाही का, असं विचारलं तर म्हणे, येणार ना, बोलावलंय तर. घरात आहे ते आणू.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी त्या आठही जणी आल्या. नागलीचं पीठ, गेल्या वर्षीचे उडीद, सुकवलेली मोहाची फुलं, मिरची आणि चिंच एवढं सामान. स्टॉलवर 'कैनाडच्या रानभाज्या' असा भलामोठा फलक आणि खाली एक पान हिरवं नाही. बाजूला केटररकडे टाकळ्याचा ढीग, मुळांसकट उपटलेला. लोक यायचे, फलक वाचायचे, भाजी कुठाय विचारायचे आणि पलीकडे जायचे. मी पाठीमागे पिठाच्या डब्याशी उगाच खुडबुड करत होते. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू.

अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले, हातात माईक. माझ्याकडे एक नजर टाकली, ती मला बरोबर कळली. मग मावशीपुढे माईक धरून विचारलं, काय मावशी, रानभाजीचा स्टॉल आणि रानभाजीच नाही?

मला वाटलं, आता ही गप्प बसणार. अहो, शाळेत तपासणीचे साहेब आले की ती दाराआड उभी राहते.

"भाजी हाय ना," ती माईकमध्ये म्हणाली. "डोंगरावर हाय. अजून लहान हाय. आज उपटली, तं पुढच्या साली तुम्हाला काय घालू?"

अध्यक्षांच्या मागे महोत्सवाचं बॅनर होतं. त्यावर हातभर अक्षरांत लिहिलेलं, 'निसर्गाला ओरबाडू नका'. पाहुण्यांतल्या एका बाईंनी ते वाचलं, टाकळ्याच्या ढिगाकडे पाहिलं आणि मावशीपुढे पान धरलं. गरम भाकरी, उडदाची आमटी, चिंचेची चटणी, वर भाजलेला मोह. मग एक निवृत्त रेल्वे गार्ड आले, ते दुसरी भाकरी मागून गेले आणि परत सगळं कुटुंब घेऊन आले. दुपारी आमची रांग मंडपाच्या दरवाज्याबाहेर गेली. जो तो विचारत होता, कवळी म्हणजे काय हो, दिवस कधी असतो? आठही जणी एकदम सांगत होत्या, अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. मी भाकऱ्या वाढत होते आणि हसू आवरत नव्हतं. तीनला पीठ संपलं. शेवटची भाकरी अध्यक्षांनी उभ्याउभ्या खाल्ली.

मावशीची माफी मी परतीच्या बसमध्ये मागितली. तिने खिडकीकडे सरकून मला जागा दिली, एवढंच.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत केटररचं नावही निघालं नाही. अध्यक्षांनी तारीख विचारली तेव्हा मी सांगितलं, ती माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. आदल्या वर्षी माझी झाली तशी त्यांचीही चुळबुळ झाली, पण पोस्टरवर तारखेची जागा कोरी सोडली गेली. जुलै उजाडला. मंडपवाला रोज विचारायचा, अध्यक्ष रोज मला विचारायचे आणि मी रोज मोठ्या समाधानाने सांगायचे, अजून नाही. सगळं डहाणू पाड्यासाठी थांबलं होतं.

एका सकाळी मावशीचा फोन आला. कवळीचा दिवस झाला, म्हणाली, आता आम्ही भाज्या खुडायला रानात निघालो. मी लगेच अध्यक्षांना फोन लावला.

"साहेब," मी म्हटलं, "कैनाडची परवानगी आली. टाका आता तारीख."