मीच लिहिलेला नकार

"ए बाई, इकडं ये."

चारा छावणीत मी म्हशींची हजेरी घेत होते, तेव्हा दादांनी अशी हाक मारली. एकोणीस वर्षं मी कॉलेजात मराठी शिकवते. दादा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष, सहकारी साखर कारखान्याचे चेअरमनही तेच. दुष्काळात त्यांनी छावणी काढली आणि जनावरं मोजायला आम्हा प्राध्यापकांच्या पाळ्या लावल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही.

ते खुर्चीत बसले होते, भोवती चार पुढारी चहा पीत होते. मी उभी. त्यांनी टाईप केलेला कागद पुढं धरला. प्राचार्य महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि सेवाज्येष्ठतेनं कार्यभार माझ्याकडं येत होता. कागदावर होतं : 'कौटुंबिक अडचणींमुळे मी प्राचार्यपदाचा कार्यभार स्वीकारण्यास असमर्थ आहे.' खाली माझं नाव. सही तेवढी बाकी.

आमच्याकडं ही रीतच आहे. ज्येष्ठ माणूस नको असला की नकार त्याच्याच हातून घ्यायचा आणि खुर्ची पाहुण्यारावळ्यात द्यायची. विद्यापीठाला कागद मिळतो. सगळं कायदेशीर.

मी म्हटलं, मला काही अडचण नाही. मला हे काम करायचंय.

"तुझा बाप आमच्या कारखान्याला ऊस तोडीत व्हता," दादा म्हणाले. "कोयत्याच्या पोरीला नोकरी दिली, ते कमी हाय का? आता कॉलेज बी तूच चालवती व्हय?"

पुढारी खो खो हसले. पण त्याहून वाईट गोष्ट हातातल्या कागदावर होती. ते वाक्य माझं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी इतिहासाच्या सरांकडून असाच नकार घेतला, तेव्हा मराठीच्या बाई म्हणून मजकूर माझ्याकडून लिहून घेतला होता. सही करताना सर माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली होती. मला माझीच किळस आली.

मी कागद सहीविना परत दिला.

"मग ऱ्हा इथंच म्हशीत," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हातानं लिहिलं : कार्यभार स्वीकारण्यास मी तयार आहे. क्लार्क आवकचा शिक्का मारेना. "मॅडम, मला बी लेकरंबाळं हायत," म्हणाला. खोटं नव्हतं. मी बीडला जाऊन अर्ज रजिस्टर पोस्टानं विद्यापीठाला धाडला. मग स्टाफरूममध्ये त्याची प्रत मोठ्यानं वाचली, आणि जुना नकार कुणी लिहिला होता तेही सांगितलं. सगळे पेपर तपासत राहिले. एकानंही मान वर केली नाही.

नका करू. खुर्ची मिळेल न मिळेल. पण यापुढं मला नाकारायचं असेल, तर दादांनी स्वतःच्या सहीनं नाकारावं. माझी सही मिळणार नाही.